ऑफसेट की डिजिटल? छपाई देताना या चुका टाळा

छपाईची पद्धत ठरवताना बहुतेक जण आधी प्रतीमागचा दर विचारतात, आणि पहिली चूक तिथेच होते. ऑफसेटमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवरून रबरी आवरणामार्फत कागदावर शाई उतरवणाऱ्या छपाईत, चार रंगांच्या चार प्लेटा बनवणे, त्या मशीनवर चढवणे आणि रंग जुळेपर्यंत कागद वाया जाणे हा खर्च 100 प्रतींना जेवढा, तेवढाच 5000 प्रतींनाही येतो. डिजिटलमध्ये प्लेटच नसते, म्हणून प्रती वाढल्या तरी दर फारसा उतरत नाही. मी नेमकी संख्या सांगून दोन्हींची एकूण रक्कम मागवतो.

सर्वांत महागात पडते ती डिजिटल नमुना पाहून ऑफसेटच्या कामाला दिलेली मंजुरी. एका चित्रपुस्तिकेचा नमुना गुळगुळीत आर्ट पेपरवर डिजिटल मशीनने काढला होता; त्यावर सही झाली आणि पुस्तिका मात्र कोटिंग नसलेल्या कागदावर ऑफसेटने छापली गेली. टोनर, म्हणजे डिजिटल मशीनमधली रंगाची पूड, कागदाच्या पृष्ठावर वितळून बसतो, तर ऑफसेटची शाई अशा कागदात मुरते आणि तिचे ठिपके पसरतात. त्यामुळे नमुन्यातले निळे आकाश मळकट झाले, सावल्यांतले चेहरे बुजले आणि दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेल्या पानांचे संच) पुन्हा छापावे लागले. तेव्हापासून मी प्रत्यक्ष वापरायच्याच कागदावर प्रूफ, म्हणजे तपासणीचा नमुना, मागतो, ते 5000 केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या, प्रकाशात पाहतो आणि पहिले कागद निघताना मशीनशेजारी उभा राहतो. ‘मोबाइलवर फोटो पाठवा, तेवढ्यावर ठरवू’ हा मार्ग मला मुळीच मान्य नाही, कारण पडद्यावरचा रंग हा शाईचा रंग नसतो.

बारीक काळा मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवावा. तो चार रंगांत गेला, तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा दिसतात. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेले चित्र, हवेच. टोनरच्या गडद छपाईवर घडी पडणार असेल, तर आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाब देऊन खाच पाडणे, करून घ्यावे, अन्यथा रंग घडीवर तडकतो.

नवशिक्यांची घाई मात्र मला सर्वाधिक खटकते. डिजिटल प्रत हातात येताच कापता येते, म्हणून ते ऑफसेटचे ताजे कागदही लगेच कटिंगला पाठवतात. शाई पुरती वाळलेली नसते, दाबाखाली ती वरच्या कागदाच्या पाठीवर उमटते आणि चांगली छपाई रद्दीत जाते. गडद रंगाच्या कामाला मी पूर्ण एक दिवस राखून ठेवतो आणि तो दिवस वेळापत्रकात आधीच लिहितो.