पुढून खडखड येतेय? शॉकअप बदलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सरला की गॅरेजमध्ये एकाच तक्रारीच्या गाड्या उभ्या असतात: पुढून आवाज येतोय. उत्तरही बहुतेक ठिकाणी एकच मिळतं. "साहेब, शॉकअप गेलेत. दोन्ही टाकून घ्या." शॉकअप नवे पडतात, बिल भरून गाडी घरी निघते आणि पहिल्याच खराब पट्ट्यावर तीच खडखड पुन्हा सुरू होते.

याचं कारण सरळ आहे. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. तो कमजोर झाला की गाडी डोलते, खड्ड्यातून निघाल्यावर दोन-तीनदा वरखाली होते, ब्रेक मारला की नाक खाली घालते. आवाज मात्र बहुतेक वेळा दुसरीकडून येतो. दोन भागांच्या मधला रबर (बुश) फाटलेला असतो, नाहीतर बॉल जॉइंट (चाकाला वळू आणि वरखाली होऊ देणारा गोल सांधा) ढिला झालेला असतो. दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाडीत हा ढिलेपणा हाताने शोधायचा असतो. तो हाताला लागेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

फक्त आवाज ऐकून निदान करणं

आवाजावरून दिशा कळते, नेमका पार्ट कळत नाही. दिशा शोधायला जवळची पेव्हर ब्लॉकची गल्ली उत्तम. काचा खाली, रेडिओ बंद, पहिला-दुसरा गिअर आणि शेजारी कान देणारा एखादा माणूस, एवढं पुरतं. बारीक खडबडीत रस्त्यावर सारखी खडखड येत असेल तर लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारचं टोक जोडणारा छोटा दांडा), बॉल जॉइंट किंवा शॉकअपचं वरचं माउंटिंग यांच्यावर संशय घ्या. ब्रेक मारताना एकदा 'धप्प' आणि रिव्हर्स घेऊन थांबताना पुन्हा 'धप्प' होत असेल, तर लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) पुढेमागे सरकतोय. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग 'टण्ण' करून सुटल्यासारखी वाजली, तर वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग जाम झालंय. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना चाकाच्या गतीने 'कट-कट-कट' ऐकू आलं, तर तो अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचा सस्पेन्शनशी संबंध नाही, पण त्याच्यापायी कित्येकांनी लोअर आर्म बदलून घेतलेत.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. खडखडत असताना ब्रेक पेडलवर अगदी हलका पाय ठेवून बघा. आवाज तेवढ्यापुरता बंद झाला तर ढिले कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) आणि त्याच्या पिना आधी तपासा, कारण ब्रेक धरला की त्या घट्ट होतात. बॅटरीची पट्टी आणि इंजिनाचं माउंटिंगही एकदा हलवून बघा. यात पाच मिनिटं जातात आणि अनेकदा खर्च तिथेच वाचतो.

एका बाजूने जॅक लावून सगळं तपासल्याचं समाधान

माझ्या मते सर्वांत जास्त फसवणारी चूक हीच. एक चाक उचललं, हलवून बघितलं, "काही नाही, सगळं टाइट आहे" असं म्हटलं आणि चाक खाली ठेवलं.

पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार एक चाक लोंबकळलं की पिळला जातो. त्या पिळामुळे लिंक रॉडवर ताण येतो आणि त्याच्या टोकाचा ढिलेपणा लपतो. लिंक रॉड तपासायचा तर दोन्ही चाकं एकाच उंचीला हवीत. दोन्ही हवेत चालतील, किंवा गाडी पिटवर दोन्ही चाकांवर उभी असेल तरी चालेल. मग रॉड मुठीत धरून जोरात हलवा. खराब रॉड लगेच हातात 'टक टक' करतो.

बॉल जॉइंटचं गणित वेगळं आहे. मारुती 800, आल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो अशा बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) असतो. त्यात गाडीचं वजन स्प्रिंगमधून वरच्या माउंटिंगवर जातं, खालच्या बॉल जॉइंटवर येत नाही. त्यामुळे चाक लोंबकळत असताना लोअर आर्म आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबलं की त्याचा ढिलेपणा दिसतो. ज्या मोठ्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे जॅक त्या आर्मखालीच लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगचा दाब जॉइंटला घट्ट धरून ठेवतो आणि खराब जॉइंटही चांगला वाटतो.

चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवल्यावर खेळ (मोकळी हालचाल) जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. तेव्हा दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेक धरल्यावर डिस्क आणि हब एकत्र बांधले जातात. तसाच राहिला तर बॉल जॉइंट बघा. 3 आणि 9 च्या जागी धरल्यावर खेळ लागला, तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) किंवा रॅकच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा भाग) आतला जॉइंट. टाय रॉड एंडवर बोटं ठेवून दुसऱ्याकडून स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवून घ्या. कुठे 'टक' होतंय ते डोळ्यांआधी बोटांना कळतं.

हे सगळं करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात किंवा डोकं खाली घालू नका. विटा, दगड, पोकळ सिमेंटचे ब्लॉक हा आधार नव्हे, ते वजनाखाली फुटतात. जॅक स्टँड घ्या, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना ओंडका लावा.

आल्टो आणि 800 चा बार समजून न घेणं

2000 साली आलेली आल्टो आणि तिच्या आधीची मारुती 800 अजूनही आपल्याकडे भरपूर चालतात. या गाड्यांत वेगळा लिंक रॉड शोधू नका. स्टॅबिलायझर बारचं टोक थेट लोअर आर्ममध्ये जातं, त्याच्या दोन्ही बाजूंना रबरी बुश असतात आणि वर नट. त्यामुळे गाडी वळणावर झुकू न देण्यापलीकडे या बारकडे आणखी एक काम येतं: चाक पुढेमागे सरकू न देणं. ब्रेक लागला की चाक मागे जाऊ बघतं आणि त्याला हा बारच रोखतो.

टोकाचे बुश झिजले की आर्म मोकळा होतो. ब्रेकला 'धप्प' होतं, गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ राहत नाही. मालकाला वाटतं ब्रेकचा दोष, मेकॅनिकला वाटतं शॉकअपचा. खरं तर बुशचा संच सस्पेन्शनमधल्या अगदी स्वस्त पार्टांपैकी आहे. बार बॉडीला जिथे पट्टीने बांधलेला असतो तिथले मधले बुशही सोबतच बदला. ते काचेसारखे कडक झालेले असतात.

बोनेट दाबून शॉकअप पास करणं

बोनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी एकदा वर येऊन थांबली की शॉकअप चांगला, ही परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही. शॉकअपच्या नळीवर तेलाचा पुसट थर आणि त्यावर धूळ असेल तर घाबरू नका. तेल ओघळून स्प्रिंगच्या खालच्या बैठकीपर्यंत आलं असेल तर तो गेला. टायरवरून तळहात फिरवून बघा. ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागले, तर शॉकअप चाकाला रस्त्यावर धरून ठेवत नाही असा संशय घ्या आणि चाकांचं बॅलन्सिंगही तपासा. कडा एका दिशेने करवतीसारखी खरखरीत लागली तर दोष टो-इनचा (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा), शॉकअपचा नव्हे.

बदलायचेच ठरले तर जोडीने बदला. सोबत बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबर) आणि डस्ट कव्हरही नवे घ्या, आणि वरचं माउंटिंग व बेअरिंग तपासून थोडंही खराब असेल तर बदला. जुन्या फाटक्या कव्हरखाली नवा शॉकअप बसवला की धूळ सरळ सीलवर जाते.

काम करताना होणाऱ्या चुका

स्प्रिंग दाबण्याचं हत्यार नसेल तर स्ट्रट खोलू नका. दोरी, तार, साखळी बांधून मधला नट सोडणारे आजही दिसतात. त्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा मोडण्याइतकी ताकद असते. स्ट्रट गाडीवर असताना मधल्या नटाला हात लावायचा नाही.

शॉकअपचा चकचकीत दांडा पक्कडीने कधीच धरू नका. त्यावरचा एक ओरखडा तेलाचं सील कापत राहतो आणि नवाकोरा शॉकअप काही महिन्यांत गळायला लागतो. नट घट्ट करताना गनने दांडा गरगर फिरवू देऊ नका, टोकाला अॅलन की लावून धरा. स्ट्रट हबला ज्या दोन बोल्टनी जोडलेला असतो, तिथे खोलण्याआधी रंगाची रेघ मारा. बऱ्याच गाड्यांत त्या भोकांना थोडी मोकळीक असते, तेवढ्यानेही कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बदलतो. टाय रॉड एंड काढताना आटे मोजून ठेवा. स्प्लिट पिन बसत नसेल तर नट मागे सोडू नका, पुढच्या खाचेपर्यंत घट्ट करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. लोअर आर्मच्या बुशमध्ये आत एक लोखंडी नळी असते, बाहेर दुसरी, आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेला रबर. आर्म वरखाली होतो तेव्हा तिथे काही फिरत नाही, रबर पिळला जातो. चाक लोंबकळत असताना मुख्य बोल्ट पूर्ण आवळला तर तीच जागा रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी खाली आली की रबर, ओलं फडकं पिळून तसंच ठेवल्यासारखा, कायमचा पिळलेला राहतो. त्यात प्रत्येक खड्डा आणखी पीळ घालतो आणि बुश लवकर फाटतो. दोष "नकली माल" म्हणून पार्टवर जातो.

म्हणून बोल्ट आधी नुसता टेकवा. गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढेमागे करा, बोनेट दाबून बसू द्या आणि शेवटचं आवळणं गाडीच्या वजनाखाली करा. त्यासाठी पिट किंवा अलाइनमेंटचा रॅम्प सोयीचा. दोन्ही नसेल तर जॅक आर्मखाली लावून बॉडी स्टँडवरून किंचित उचलू लागेपर्यंत वर घ्या, मग आवळा. हे करायला पाच मिनिटं जास्त लागतात आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते होत नाही. गॅरेजला गाडी देताना हे शब्दांत सांगून ठेवा.

आर्मच्या मागच्या मोठ्या बुशमध्ये पोकळ्या असतील तर जुन्याची दिशा पाहून, फोटो काढूनच नवा प्रेस करा. हातोड्याने ठोकून बसवू नका, जवळच्या लेथवर हायड्रॉलिक प्रेस असतो.

ऑइल स्प्रे

पावसाळ्यानंतर वॉशिंग सेंटरवाला गाडीच्या पोटाला डिझेल किंवा वापरलेलं ऑइल मारून देतो, आणि 'गंज लागत नाही' म्हणून आपण खूश होतो. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतो आणि मऊ पडतो. नवे बुश टाकून त्यावर तेल मारणं म्हणजे पैसे पाण्यात. आवाज घालवायला बुशवर ग्रीस चोपडण्याचा उपायही तसाच, चार दिवस शांतता आणि पुढे नुकसान. कोकणात, खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी गंजाची काळजी घ्यायलाच हवी, पण गंजरोधक थर लावताना बुश आणि रबरी बूट झाकून घ्या.

अलाइनमेंट आधी, दुरुस्ती नंतर

ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट रॅम्पवरून उतरेपर्यंतच टिकतं. क्रम पक्का ठेवा: ढिलेपणा काढा, टायरमध्ये हवा नीट करा, मग अलाइनमेंट. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये ठळक फरक दिसला आणि तो सुधारत नसेल तर आर्म, हब किंवा स्ट्रट वाकलेला असू शकतो. तिथे स्क्रू फिरवून आकडे जुळवणाऱ्याला थांबवा. स्टिअरिंगचा ढिलेपणा घालवायला रॅकचा स्क्रू आवळून देणाऱ्यालाही थांबवा, कारण जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही.

शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट आणि सोडलेला प्रत्येक बोल्ट एकदा पान्हा लावून बघा. नायलॉनचे लॉक नट जुनेच वापरले असतील तर त्याच वेळी नवे टाका.