नेटवर्क सांभाळायला शिकायचंय? आधी पॅकेट परत कसं येतं ते शिका

नेटवर्कच्या कामात उतरायचं ठरवलं की पहिला प्रश्न पडतो, सर्टिफिकेट कोणतं करू? सल्ला देणारेही लगेच यादी हातात ठेवतात: आधी हे, मग ते, मग सिक्युरिटीचं, मग क्लाउडचं. बरीच वर्षं स्विच (एका नेटवर्कमधली यंत्रं जोडणारं उपकरण), राउटर (वेगवेगळी नेटवर्क जोडणारं) आणि फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारं) सांभाळल्यावर आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्यावर मी ठामपणे सांगते, हा क्रम उलटा आहे. ओएसआय या नेटवर्कच्या पुस्तकी मांडणीचे सातही थर न चुकता म्हणून दाखवणाऱ्या उमेदवाराला मी विचारते, ‘एका मशीनवरून दुसऱ्या मशीनला पिंग जात नाही. सगळ्यात आधी काय बघाल?’ (पिंग म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणारं छोटं पॅकेट, आणि पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा.) बहुतेक जण इथेच अडकतात, कारण त्यांनी बिघाड कधी पाहिलेलाच नसतो. कोर्समध्ये सगळं चालूच असतं. नोकरीत मात्र तुम्हाला बोलावणं येतं ते काहीतरी बंद पडल्यावर.

म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी चौथीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी स्वतः तिथेच सगळ्यात जास्त अडखळले.

पायरी १: पत्ते आणि मास्क कागदावर सोडवा

आयपी पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा क्रमांक), सबनेट मास्क (कुठले पत्ते आपल्या गटातले ते ठरवणारा), गेटवे (गटाबाहेर जायचं दार), एआरपी (आयपीवरून मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, शोधणं), डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणं), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्क). सुरुवातीला एवढ्याच गोष्टी, पण पक्क्या. सबनेटिंग, म्हणजे पत्त्यांचे गट पाडणं, हाताने करा. स्लॅश २६ (मास्क लिहिण्याची छोटी पद्धत) म्हटलं की २५५.२५५.२५५.१९२, ६४ पत्त्यांचा गट, त्यातले यंत्रांना देता येणारे ६२, हे न अडखळता यायला हवं. ‘कॅल्क्युलेटर असताना पाठ कशाला?’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. हे परीक्षेसाठी नाही. १९२.१६८.१०.१४० हा पत्ता दिसताक्षणी तो कुठल्या गटातला हे कळलं नाही, तर पुढे बिघाड शोधताना तासन्‌तास चाचपडत राहाल.

पायरी २: लॅब उभी करा

एक लॅपटॉप पुरतो. सुरुवातीला पॅकेट ट्रेसर, नंतर जीएनएस३, ही नेटवर्क लॅपटॉपमध्येच उभं करणारी सॉफ्टवेअर. पॅकेट ट्रेसर ही नक्कल आहे, त्यात काही कमांड चालतच नाहीत. जीएनएस३मध्ये उपकरणाची खरी प्रणाली चालवता येते. भलंमोठं रॅक विकत घेण्याची गरज नाही.

पायरी ३: लिनक्सची कमांड लाइन

एसएसएच (दुरून यंत्रात शिरायला), टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट बघायला), डिग (डीएनएस तपासायला), ग्रेप (मजकूर शोधायला) आणि लॉग फाइल (यंत्राने ठेवलेल्या नोंदी) वाचण्याची सवय. महिनाभर रोज वापरलं की हात बसतो.

पायरी ४: चालू नेटवर्क मोडा, मग बिघाड शोधा

माझ्या सुरुवातीच्या नोकरीतली गोष्ट. एका विभागातून तक्रार आली: इंटरनेट चालतंय, मेल येतोय, फक्त प्रिंट निघत नाही. तीही एकाच मशीनवरून. नेटवर्क १९२.१६८.१०.०, मास्क स्लॅश २४, म्हणजे २५५.२५५.२५५.०. मशीनचा पत्ता शेवटी २०, प्रिंटरचा २००, आणि गेटवे म्हणजे १ नंबरवरचा फायरवॉल. मी प्रिंटरला पिंग केलं, लगेच उत्तर आलं. झालं, नेटवर्क ठीक आहे असं मी ठरवून टाकलं आणि तिथेच फसले. ड्रायव्हर काढून परत टाकला, केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, प्रिंटर चारदा बंद-चालू केला. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी त्या मशीनवर वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून प्रिंट पाठवली. टीसीपी जोडणी तीन पॅकेटनी जुळते: सिन म्हणजे ‘बोलूया का?’, सिन-ॲक म्हणजे ‘हो’, ॲक म्हणजे ‘ठरलं’. मशीनकडून सिन पॅकेट निघालं. प्रिंटरकडून सिन-ॲक आलं. मशीनने ॲक पाठवलं. आणि प्रिंटरने तेच सिन-ॲक पुन्हा पाठवलं. मग पुन्हा. म्हणजे आमचं तिसरं पॅकेट त्याला मिळतच नव्हतं. मग फ्रेमवरचे, म्हणजे पॅकेटच्या पाकिटावरचे, मॅक पत्ते बघितले. प्रिंटरकडून येणाऱ्या फ्रेमवर पाठवणारा म्हणून प्रिंटरचाच मॅक होता. आमच्याकडून जाणाऱ्या फ्रेमवर मात्र प्रिंटरच्या जागी फायरवॉलचा मॅक लिहिलेला होता. एकाच खोलीतल्या प्रिंटरकडे जाणारं पॅकेट फायरवॉलकडे वळून जात होतं.

कारण छोटंसं होतं. कुणीतरी त्या मशीनला हाताने पत्ता देताना मास्क २५५.२५५.२५५.१२८ टाकला होता. म्हणजे त्या मशीनच्या समजुतीप्रमाणे १२७ पर्यंतचे पत्ते घरचे आणि २०० नंबरचा प्रिंटर परका. परक्यासाठीचं पॅकेट गेटवेकडे द्यायचं असतं, तसं ते देत होतं. प्रिंटरचा मास्क बरोबर असल्यामुळे तो मात्र थेट उत्तर पाठवत होता. फायरवॉलने सिन जाताना पाहिलं, पण त्याचं उत्तर त्याच्यापर्यंत कधी आलंच नाही. मग पुढचं ॲक आलं तेव्हा अर्धवट राहिलेल्या जोडणीतलं म्हणून त्याने ते टाकून दिलं. पिंगचं तसं नसतं. प्रत्येक पिंग स्वतंत्र, फायरवॉल ते सोडतो आणि उत्तर आडवाटेने येतं. म्हणून पिंग चालत होतं आणि प्रिंटसाठी ९१०० पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे सॉफ्टवेअरचं दार, केबलची जागा नव्हे) होणारी टीसीपी जोडणी पूर्ण होत नव्हती.

त्या दिवसापासून मी प्रत्येक बिघाडात एकच प्रश्न आधी विचारते: उत्तर परत कुठून येतंय? शिकणारे जवळजवळ सगळे जण पॅकेट जाण्याचाच विचार करतात. दोन राउटर जोडतात, एकावर रूट (कुठल्या नेटवर्ककडे कुठून जायचं ते) लिहितात, पिंग होत नाही म्हणून पहिल्याच राउटरकडे तासभर बघत बसतात. पॅकेट पलीकडे कधीच पोचलेलं असतं. दुसऱ्या राउटरला परतीचा रूटच दिलेला नसतो. पलीकडच्या मशीनवर टीसीपीडम्प लावा, विनंती आलेली दिसेल, उत्तर निघालेलंही दिसेल. ते मधे कुठे मरतं, एवढंच शोधायचं उरतं.

करायचं असं. कागदावर दोन रकाने पाडा, ‘जाताना’ आणि ‘येताना’. प्रत्येक रकान्यात पॅकेटचा प्रत्येक मुक्काम लिहा, आणि त्या मुक्कामी पुढची दिशा कशावरून ठरते तेही लिहा: मशीनवर मास्क आणि एआरपी, स्विचवर मॅक टेबल (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर) आणि व्हीलॅन, राउटरवर रूटिंग टेबल, फायरवॉलवर नियम आणि चालू जोडण्यांची नोंद. मग खालून वर या. लिंक लागली आहे का, पोर्टवर चुकांचे आकडे वाढतायत का, पत्ता-मास्क बरोबर आहेत का, गेटवेपर्यंत जातंय का, त्याच्या पलीकडे जातंय का, आणि सगळ्यात शेवटी नावावरून पत्ता मिळतोय का. शिवाय शेजारच्या चालू मशीनशी ताडून बघा. मी पहिल्याच दिवशी दोन मशीनची सेटिंग शेजारी-शेजारी ठेवली असती तर मास्क दहा मिनिटांत दिसला असता.

काही गोष्टींबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि उपयोग झाला नाही तर तो मागे घ्यायचा. पाच गोष्टी एकदम बदलून नेटवर्क सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि उरलेल्या चार चुका तशाच मागे राहतात. ‘आधी रीस्टार्ट करून बघा’ हा सल्ला नेटवर्कच्या उपकरणांना लावू नका. लॉग, एआरपी आणि मॅक टेबल आधी उतरवून घ्या, कारण रीस्टार्टमध्ये बराचसा पुरावा पुसला जातो. आणि ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर दाखवणारी कमांड) मधेच तारे दिसले म्हणून तिथेच बिघाड आहे असं सांगत सुटू नका. काही राउटर नुसते उत्तर देत नाहीत, पण पॅकेट पुढे नेतात. शिवाय ट्रेसराउट दाखवतं ती जाण्याची वाट. येण्याची वेगळी असू शकते.

आता सराव. तीन स्विच, दोन राउटर, चार मशीन असं छोटं नेटवर्क लॅबमध्ये चालू करा आणि मित्राला किंवा मैत्रिणीला ते गुपचूप मोडायला सांगा. मास्क चुकवा, परतीचा रूट काढा, एकच पत्ता दोन मशीनला द्या, ट्रंकच्या (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीच्या) एका टोकाला व्हीलॅन वगळा, दोन टोकांना वेगळं नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवरून खूण न लावता जाणारं) ठेवा, डीएचसीपी रिले (पत्त्याची विनंती दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे नेणारी सोय) काढून टाका आणि विंडोज मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता कसा मिळतो ते बघा. प्रत्येक बिघाडाला अर्धा तास. सापडला की वहीत चार ओळी: लक्षण काय होतं, मला आधी काय वाटलं, पुरावा कुठे मिळाला, खरं कारण काय. ‘मला आधी काय वाटलं’ ही ओळ गाळू नका, पंधरा-वीस नोंदी झाल्या की आपली कायमची चुकीची सवय तिथेच सापडते. माझी होती, पिंगवर नको इतका विश्वास.

असे पन्नास बिघाड सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन-तीन महिने लागतील. लागू द्या.

पायरी ५: काही न मोडता बदल करायला शिका

सिस्को कंपनीच्या स्विचवर ट्रंकमधून व्हीलॅन १०, २० आणि ३० जातायत आणि ४० ची भर घालायची आहे. कमांडमध्ये ‘ॲड’ हा शब्द राहिला तर भर पडत नाही, जुनी यादी पुसली जाते आणि फक्त ४० उरतं. मी हे चालू नेटवर्कवर केलं आहे. एंटर दाबलं आणि माझी एसएसएचची खिडकी तिथेच गोठली, कारण मी ज्या व्हीलॅनमधून आत शिरले होते तेच मी बाहेर काढलं होतं. पलीकडच्या इमारतीत कन्सोल केबल (थेट उपकरणाला जोडायची) घेऊन पळावं लागलं.

तेव्हापासून दुरून बदल करताना मी आधी ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो) देते. बदल सेव्ह न करता तपासते. सगळं ठीक असेल तर रीलोड रद्द करून मग सेव्ह. संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी उपकरण जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतं. त्या रीस्टार्टमध्ये सगळ्यांचंच काम थांबतं, म्हणून वेळ निवडून करा. बदलाआधी कॉन्फिगरेशनची प्रत घ्या, मागे कसं यायचं ते आधीच लिहून ठेवा, आणि मुख्य नेटवर्क बंद पडलं तरी उपकरणापर्यंत पोचणारी दुसरी वाट ठेवा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. सुरुवात झाली ती देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने. डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्क तुटलं, डीएनएसकडे नेणारे बीजीपी रूट (इंटरनेटवरची नेटवर्क एकमेकांना सांगतात त्या वाटा) मागे घेतले गेले, आणि दुरुस्तीसाठी लागणारी आतली साधनंही त्याच नेटवर्कबरोबर गेली. दुसऱ्या वाटेची गरज यापेक्षा मोठ्या आकारात दिसणार नाही.

पायरी ६: देखरेख

एनटीपी (घड्याळं जुळवणारी सोय) सगळ्यात आधी लावा. दहा उपकरणांची घड्याळं दहा वेगवेगळ्या वेळा दाखवत असतील तर लॉग कितीही जमवा, आधी काय घडलं आणि नंतर काय हे कळणार नाही. मग सिसलॉग (उपकरणं पाठवतात त्या नोंदी) एका जागी, मग एसएनएमपीवर (उपकरणांचे आकडे गोळा करायची पद्धत) आलेख.

पायरी ७: आता सर्टिफिकेट

एकच करा. सिस्कोचं सीसीएनए किंवा कॉम्पटियाचं नेटवर्क प्लस. सीसीएनएची परीक्षा २००-३०१ या क्रमांकाने ओळखली जाते आणि सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, म्हणून घाईने घेऊन घरी ठेवण्यात अर्थ नाही. नोकरी शोधायला निघण्याच्या जरा आधी द्या. चौथी पायरी नीट केली असेल तर अभ्यासाचा बराच भाग ओळखीचा निघेल. परीक्षेतले प्रश्न फोडून विकणारे डंप विकत घेऊ नका. पकडलं गेलात तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि नाही पकडलं गेलात तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडता.

पायरी ८: ऑटोमेशन

पायथॉन भाषा, नेटमिको (तिच्यातून उपकरणांना कमांड देणारी लायब्ररी), ॲन्सिबल (अनेक उपकरणांवर एकदम बदल करणारं साधन). जे हाताने बिनचूक करता येतं तेवढंच स्क्रिप्टमध्ये घाला. चुकीची कमांड स्क्रिप्टमधून एका मिनिटात दोनशे स्विचवर जाते.

पायरी ९: पहिली नोकरी

हेल्पडेस्क किंवा एनओसी (नेटवर्कवर लक्ष ठेवणारं केंद्र), जे मिळेल ते घ्या. नुसती तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) पुढे ढकलायची असतात म्हणून एनओसीत जाऊ नका, असं सांगणारे भेटतील. पण वरच्या टीमकडे पाठवलेलं तिकीट बंद झाल्यावर ते परत उघडून वाचायला कुणी अडवत नाही. त्यांनी काय तपासलं, कोणत्या क्रमाने, पुरावा कुठे सापडला, ते आपल्या वहीत उतरवा. पुढचं तिकीट वर पाठवताना त्यातलं जेवढं तुमच्या परवानगीत बसतं तेवढं आधीच तपासून सोबत लिहा: ‘पॅकेट इथपर्यंत जाताना दिसतं, उत्तर इथून पुढे दिसत नाही.’ आणि मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या. मी समोर बसले असेन तर सर्टिफिकेटच्या आधी तीच मागेन.