श्वसनाच्या तासाआधीचे पंधरा दिवस

अकरावीला पेशीचं श्वसन शिकवताना उपमा म्हणून फ्युएल सेल, म्हणजे इंधनातून थेट वीज काढणारा सेल, दाखवायचा असेल, तर तयारी चिखलापासून सुरू करा, आणि तीही पंधरा दिवस आधी. पहिला सेल चिखलातल्या जिवाणूंवर चालतो, दुसरा हायड्रोजनच्या किटवर. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठचा काळा, कुबट वासाचा चिखल बादलीभर आणा. वरची वाळू नको. रुंद तोंडाच्या दोन बरण्या लागतील. एकीत चिखल जसाच्या तसा, दुसरीत तोच कुकरमध्ये अर्धा तास शिजवून, म्हणजे बहुतेक जिवाणू मारून. कुकर प्रयोगशाळेचाच घ्या. घरचा नेल्यावर काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

दोन्ही बरण्यांत कार्बन फेल्टचा एक तुकडा चार बोटं खोल पुरा, दुसरा वरच्या पाण्यावर तरंगता ठेवा. फेल्ट नसेल तर जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या चालतात, फक्त त्यांना चिकटलेली काळी भुकटी घासून काढा. तांब्याची तार चिखलाला लागू देऊ नका. मागच्या वर्षी माझी लागली. पहिल्याच दिवशी काटा हलला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने तार उपसली तर काळी ठिक्कर. गंजणाऱ्या तांब्याचं श्रेय आम्ही जिवाणूंना देऊन बसलो होतो.

दोन टोकांमध्ये एक किलोओमचा रेझिस्टर लावा आणि बर्डीच्या बाजारातून आणलेल्या साध्या मल्टिमीटरवर रोज मिलिव्होल्ट टिपायची पोरांची पाळी लावा. कच्ची बरणी हळूहळू चढते, शिजलेली मागे राहते. एका बरणीवर एलईडी लागत नाही, तो लावून दाखवायचं वचन पोरांना देऊ नका. १९११ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ पॉटर यांनी यीस्टपासून वीज मोजली, तीही अशीच इवलीशी होती.

हायड्रोजनच्या किटला गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटरच लागतं. नळाच्या पाण्यातले क्षार किटमधलं पटल, म्हणजे आतला पातळ पडदा, खराब करतात. एप्रिल-मेमध्ये पटल ओलसर राहावं म्हणून किट पिशवीत बंद ठेवा. हिशेबाने १.२३ व्होल्ट यायला हवेत, पंखा जोडला की निम्म्याच्या आसपास उरतात. ‘बाकीचे कुठे गेले?’ हा प्रश्न पोरांनाच विचारू द्या.

फळ्यावरची आकृती मात्र आदल्या रात्री स्वतः काढून पाहा, कारण घोळ तिथेच होतो. किटमध्ये हायड्रोजन फुटतो. प्रोटॉन पटलातून जातो, इलेक्ट्रॉन तारेने वळसा घालतो, पलीकडे ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी होतं. पेशीत श्वसन जिथे पुरं होतं त्या मायटोकाँड्रियातही शेवटी ऑक्सिजन आणि पाणीच, पण तार नाही. एनएडीएच या वाहक रेणूने अन्नातून आणलेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलातच एका प्रथिनावरून दुसऱ्यावर जातात, त्या ऊर्जेवर प्रोटॉन बाहेर ढकलले जातात आणि परतताना एटीपी हा ऊर्जेचा रेणू बनवणाऱ्या एटीपी सिंथेजचं चाक फिरवतात. पीटर मिचेल यांनी हे १९६१ मध्ये मांडलं. नोबेल मिळालं १९७८ मध्ये. उपमा जिथे तुटते तिथे दोन्ही आकृत्यांवर लाल खडूने फुली मारा.

तासानंतर बरण्या फेकू नका, झाकण सैल ठेवा. चिखलातून वायू निघत राहतो.