क्लिअरचा हात देण्याआधी

अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहून झाल्या की इंदुरातले लोक नवरात्रीच्या तयारीला लागतात आणि मी हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर बघायला लागतो. जूनच्या अखेरीपासून तोवर माझ्या टेबलावर किटमधून जोडायच्या मॉडेल गाड्यांच्या, १:२४ मापाच्या म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या, दोन-तीन बॉड्या नुसत्या पडून असतात. पावसाळ्यात लांबी भरावी, घासावं, इंजिन आणि सीटा रंगवाव्यात, पण क्लिअरच्या, म्हणजे रंगावर शेवटी मारायच्या पारदर्शक, चमकदार थराच्या डब्याला हात लावू नये, हे मी एका ऑगस्टमध्ये शिकलो. काळीभोर बॉडी होती. शेवटचा हात दिला आणि बघता बघता छतावर दुधाळ पटल चढलं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे घडतं. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्या थंड पृष्ठभागावर जमतं आणि ओल्या क्लिअरमध्येच अडकून बसतं.

म्हणून माझ्या यादीत सगळ्यात वर हवा. ओलावा ६० टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी फवारा नाही. सकाळी हवा दमट असते, ऊन चढलं की कोरडी होते, त्यामुळे साधारण ११ ते ३ ही वेळ बरी. मे महिन्याचा मोह मात्र टाळा. हवा कोरडी असते खरी, पण पारा ४० च्या वर गेला आणि लू सुटली की रंगाचे थेंब बॉडीवर पोचेपर्यंतच सुकतात आणि हाताला रव्यासारखं लागतं. दुधाळ पटल आलंच, तर लगेच घासायला घेऊ नका. कोरडा दिवस येऊ द्या आणि एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रंगाच्या पेनाने, मंद सुकणाऱ्या आणि थर सपाट बसवणाऱ्या लेव्हलिंग थिनरचा धुक्यासारखा हलका फवारा द्या. क्लिअर वरवर मऊ होतो, ओल निघून जाते आणि पटल बहुतेक वेळा उतरतं.

हवेनंतर खोली. पंखा बंद, लादी आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलेली, अंगात लोकर किंवा धागे सुटणारा टॉवेल-बनियन नाही. माप लक्षात ठेवलं की धुळीची भीती नीट बसते. अर्ध्या मिलिमीटरचा कण चोवीसपट केला तर १२ मिलिमीटर होतो, म्हणजे खऱ्या गाडीच्या बॉनेटवर शेंगदाणा चिकटून रंगवल्यासारखं. रंगवून झाल्यावर झाकायला मी जुना मोठा प्लास्टिकचा डबा आधीच धुऊन, वाळवून उपडा ठेवतो. फवारल्यावर डबा शोधत घरभर फिरलात तर बॉडीवर तेवढ्या वेळात काय काय बसेल ते सांगायला नको.

खोलीच्या तयारीतच मी एकदा तोंडावर आपटलो आहे. सरकती खिडकी घट्ट बसत नव्हती, धूळ यायची. आदल्या संध्याकाळी तिच्या रुळात सिलिकॉनचा स्प्रे मारला, खिडकी लोण्यासारखी सरकली, मी खूश. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर क्लिअर पडला आणि मधूनमधून बाजूला सरकून गोल खड्डे करून बसला, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी रंग उघडा. मोजले, अकरा होते. गॅरेजवाले याला फिश आय म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. सिलिकॉनचा अंश जिथे असतो तिथे रंग टिकतच नाही, चारी बाजूंना पळतो. डॅशबोर्डचं पॉलिश, टायरला चमक आणणारा द्रव, काही फर्निचर पॉलिश, सगळे त्याच जातीचे. साधं तेलही कमी नाही. डोक्याला खोबरेल लावून, कपाळ पुसून त्याच हाताने बॉडी धरली तर बोटांच्या जागी हेच होतं. असे खड्डे दिसले की माणूस घाबरून आणखी क्लिअर ओततो, आणि मग खड्डे तर राहतातच, वर ओघळही येतो. थांबा. पूर्ण वाळू द्या, २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून सपाट करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुढचे दोन-तीन हात अगदी कोरडे, हलके द्या. अकरातले नऊ असे गेले. उरलेल्या दोघांसाठी बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं.

बॉडी धुण्याबद्दल फार बोलत नाही. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला चिकटपणा प्लास्टिकवर असतो, तो भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासून काढायचा, पाण्याचे थेंब वाळू द्यायचे, नंतर हातमोजे घालायचे. दरवाज्यांच्या आणि बॉनेटच्या फटी मात्र रंगाआधीच थोड्या खोल कोरून घ्या. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून ०.१ मिलिमीटरचा थर झाला तर मोठ्या मापात तो जवळजवळ अडीच मिलिमीटर होतो, आणि त्यात फट बुजते. मग दरवाजा दरवाजा दिसत नाही, ओढलेली रेघ दिसते.

आता रंग, आणि इथे मी जरा रेंगाळणार. यंदाची गाडी होळकरी रंगात करायची आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची १९३५ ची अमेरिकन गाडी ड्यूसेनबर्ग एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली दोन आसनी बॉडी, नारिंगी आणि काळी. माझं किट त्या गाडीचं नाही, तिच्या काळातल्या दुसऱ्याच एका उघड्या गाडीचं आहे, मी फक्त रंगांची जोडी उसनी घेतोय. नारिंगी रंग दिसायला दणकट, पण अंगाने पातळ. खालचं झाकण्याची ताकद त्याच्यात कमी. करड्या प्रायमरवर थेट मारला तर विटकरी दिसतो, आणि तो उजळावा म्हणून हातावर हात चढवत गेलं की कडांवर ओघळ येतात. खाली पांढरा हवा. त्यात माझ्या किटचं प्लास्टिक निघालं लालभडक, आणि लाल प्लास्टिकमधला रंग वरच्या पांढऱ्यात झिरपतो. महिन्याभराने पांढरी गाडी गुलाबी झालेली मी पाहिली आहे. त्यावर तोड म्हणजे मध्ये चंदेरी रंगाचा एक सलग हात. धातूच्या चपट्या कणांचा तो थर भिंतीसारखा आड येतो. म्हणून माझा क्रम आहे करडा प्रायमर, चंदेरी, पांढरा, नारिंगी, मग झाकपट्टी (मास्किंग टेप) लावून काळा. पाच थर, म्हणून प्रत्येक पातळ.

कोणत्या रंगावर कोणता रंग बसतो, हे डब्याचं झाकण काढण्याआधी वाचा. रंगांच्या जाती तीन, लॅकर, ॲक्रिलिक आणि इनॅमल. लॅकरवर ॲक्रिलिक चालतं, दोन्हीवर इनॅमल चालतं. इनॅमलवर लॅकरचा क्लिअर मारला तर खालचा थर फुगतो, आकसतो आणि उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात. त्याला इलाज नाही, सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्वस्त पडतो म्हणून मी पूर्वी वापरायचो. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानदाराने डबा पुढे करून विचारलं होतं, “लकड़ी पे मारना है ना, भिया?” मी हो म्हणालो. लाकूड नव्हतं, किटचं प्लास्टिक, पॉलिस्टायरिन होतं. एक फेंडर (मडगार्ड) मेणासारखा मऊ पडून खरबरीत झाला तेव्हा त्याच्या प्रश्नाचा अर्थ कळला.

म्हणून आधी चाचणी. पूर्वी आम्ही पार्टीतल्या प्लास्टिकच्या चमच्यांवर रंग तपासायचो. १ जुलै २०२२ पासून देशभर चमच्यांसह एकदा वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि इंदुरात तर कचऱ्याचे नियम इतके कडक की बोलायलाच नको, त्यामुळे आता औषधांच्या डब्यातले जुने चमचे, किटमधली फाजील झाकणं किंवा किटचे भाग ज्याला जोडून येतात त्या सांगाड्याच्या चपट्या पट्ट्या वापरतो. तोच प्रायमर, तोच रंग, तोच क्लिअर, आणि डिकल, म्हणजे बॉडीवर चिकटवायचं छापील चित्र, लावायचं असेल तर एक टाकाऊ डिकलसुद्धा. लॅकर क्लिअरचा पहिलाच हात ओला पडला तर डिकलला सुरकुत्या पडतात. दोन-तीन हात धुक्यासारखे देऊन, त्यांना सुकू देऊन मगच ओला हात.

फवाऱ्याच्या वेळच्या सूचना थोड्याच. रंगाच्या स्प्रेचा डबा हाताला सोसेल एवढ्या कोमट, म्हणजे ४० अंशांच्या आतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही. थंड डब्यातला दाब कमी पडतो, थेंब मोठे येतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो. अंतर २० ते ३० सेंटिमीटर, हात बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. रसायनांच्या वाफा अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क हवा, कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ थांबवत नाही. हार्डनर मिसळून मारायचा टू-के क्लिअर आरशासारखा होतो हे मान्य, पण त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहेत. घरात आई आहे, भाचा येतो-जातो, मी तो घरी आणत नाही.

आणि विस्तव. डब्यातला दाबाचा वायू पेट घेतो. स्वयंपाकघरातला गॅस आपल्या लक्षात राहतो, देवघरातलं निरांजन राहत नाही. आता आईच आधी विचारते, “अरे, आज तुझं ते फुसफुस आहे का? मग दिवा संध्याकाळी लावते.”

क्लिअर मारून झाल्यावर यादीत एकच शब्द आहे, थांबणे, आणि तोच मला जमत नाही. हाताला अर्ध्या तासात कोरडा लागतो, आत मात्र कित्येक दिवस ओला असतो. भाच्याला दाखवायला म्हणून तिसऱ्या दिवशी मी एक गाडी छताला धरून उचलली. चिकटली नाही, डाग नाही. संध्याकाळी दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा छतावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, रेघा मोजता याव्यात इतका स्वच्छ, आधार केंद्रावरसुद्धा इतका चांगला उमटला नव्हता. लगेच घासला असता तर मऊ क्लिअर कागदावर गोळा झाला असता. तीन आठवडे ठेवून मग २००० आणि ३००० चा वॉटर पेपर, नंतर पॉलिशिंग कंपाउंड, आणि ठसा गेला. तेव्हापासून नाक लावून बघतो. थिनरचा वास येत असेल तर हात लावायचा नाही. घासताना फेंडरच्या आणि दरवाज्याच्या कडांवर बारीक झाकपट्टी लावतो, कारण उंचवट्यावर क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि कागद तिथेच आधी रंगापर्यंत पोचतो. काढून टाकण्याएवढा थर हवा म्हणून क्लिअरचे निदान तीन हात.

थिनरची फडकी मोकळ्या हवेत वाळवायची, मग कचरा गाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात. ओल्या-सुक्यात टाकलीत तर गाडीवरचा माणूस परत करतो, आणि बरोबरच करतो.

आज हायग्रोमीटर ४७ दाखवतोय. बॉडी डब्याखाली आहे, चमच्यावरचा नारिंगी कालपासून शहाणा राहिलाय. स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी पडली आहे, म्हणजे अजून गॅस चालू आहे. तोवर पाणी कोमट करून घेतो.