पावसाळ्यात येणाऱ्या पहिल्या बाळाची तयारी

पहिल्या बाळासाठी किती लंगोट घ्यावेत, याचे उत्तर घरच्या गॅलरीत कपडे किती वेळात वाळतात यावर अवलंबून असते. नवजात बाळ पहिला आठवडा संपता संपता दिवसाला सहा किंवा त्याहून अधिक वेळा लघवी करू लागते, त्यात शीचे चार-पाच लंगोट धरले म्हणजे रोजचे दहा-बारा होतात. मे महिन्यात ठाण्याच्या उन्हात सकाळी धुतलेला लंगोट दुपारपर्यंत कडकडीत वाळतो, त्यामुळे चोवीस लंगोट पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तोच लंगोट पंख्याखाली दीड दिवस दमट राहतो आणि छत्तीसही कमी पडतात. माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण ऐन श्रावणात झाले, तेव्हा आम्ही ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरी ही संख्या उन्हाळ्याच्या हिशेबाने धरली होती. तिसऱ्या दिवशी दोरीवर सारे ओले आणि कपाटात एकही कोरडा नाही, अशी वेळ आली. म्हणून प्रसूतीची अपेक्षित तारीख जून ते सप्टेंबरमध्ये असेल, तर लंगोटांच्या आधी घडीचा कपडे वाळवण्याचा स्टँड घ्यावा, तो ठेवण्यासाठी पंख्याखालची जागा मोकळी करावी आणि वाळलेला प्रत्येक कपडा दोन्ही बाजूंनी इस्त्री करूनच घडी घालायची, असे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. इस्त्रीने उरलेला दमटपणा जातो आणि कपड्याला कुबट वास येत नाही. रात्रीसाठी आणि बाहेर जाण्यासाठी तयार डायपर वापरण्यात काहीही गैर नाही. मात्र सर्वांत लहान मापाचे एकच पाकीट आधी आणावे, कारण बाळाचे वजन किती भरेल हे आधी ठरवता येत नाही आणि ते माप लवकर लहान होते.

कपड्यांत झबली आठ-दहा असावीत, ती पुढून उघडणारी आणि बंदांची असावीत. डोक्यातून घालायचे कपडे पहिले काही आठवडे टाळावेत, कारण नवख्या आई-वडिलांना बाळाची मान सावरून ते घालणे अवघड जाते. टोपडी तीन, पायमोजे तीन जोड आणि मऊ दुपटी आठ एवढे पुरे. कुंची एखादी हौसेने घ्यावी, ती बारशाच्या फोटोत शोभते. रंग पांढरा, पिवळा किंवा फिकट हिरवा ठेवावा. गर्भलिंग सांगणे आणि विचारणे या दोन्हींना १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि मुलगा की मुलगी या अंदाजावर खरेदी करण्याची सवय घरातून जावी, असे मला मनापासून वाटते. दुपट्यांसाठी आजीच्या जुन्या सुती साडीइतके चांगले कापड बाजारात मिळत नाही. शंभर वेळा धुतलेल्या त्या कापडाचा मऊपणा नव्या मलमलीला येत नाही. मात्र ती साडी डांबराच्या गोळ्या घातलेल्या कपाटातली असेल, तर ती बाजूला ठेवावी. नॅफ्थलीनच्या वासाने काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांना हा धोका मोठा असतो, आणि ती कमतरता कोणाला आहे हे जन्माआधी कळत नाही. नवे असो वा जुने, प्रत्येक कापड सौम्य साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून मगच पेटीत ठेवावे. काही घरांत बाळ जन्मण्याआधी काही आणू नये, अशी पद्धत असते, आणि पहिले झबले दुसऱ्या गुणी बाळाचे वापरलेले घालावे, अशीही. दोन्हींचा मान राखता येतो: आत्याकडून किंवा मावशीकडून आलेली जुनी झबली धुऊन ठेवली, की खरेदी कमी होते आणि वडीलधाऱ्यांचे मनही राहते.

खरेदीसाठी पाचवा आणि सहावा महिना उत्तम. या काळात मळमळ बहुधा थांबलेली असते आणि चालण्याचा त्रास अजून सुरू झालेला नसतो. ठाण्यात गोखले रोड आणि राम मारुती रोडवर लहान मुलांच्या कपड्यांची दुकाने जवळजवळ असल्याने एका फेरीत काम होते; आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी दुकाने उघडताच जावे, रविवारी संध्याकाळी गर्भवतीला त्या गर्दीत नेऊ नये. जांभळी नाक्याच्या बाजारात तिला नेण्याची गरजच नाही. अहळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा, ओवा आणि सुंठ घरातल्या दुसऱ्या कोणी आणावे. येथे एक सांगायचे राहू नये: अहळिवाच्या लाडवांत ओले खोबरे असते, ते पावसाळ्यात दोन-चार दिवसांतच बिघडतात, म्हणून सामान आणून ठेवावे आणि लाडू मात्र बाळंतीण घरी आल्यावर थोडे-थोडे करावेत. डिंकाचे लाडू तुपातले असल्याने जास्त टिकतात, पण हवाबंद डब्यात आणि कोरड्या हातानेच काढायचे.

काही वस्तू मुद्दाम घेऊ नयेत. दुधाची बाटली आणि डब्यातली पावडर आधीपासून आणून ठेवू नये. जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध सुरू करावे आणि पहिले सहा महिने केवळ तेच द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि बाटली कपाटात तयार असली की पहिल्या रडण्यालाच ती बाहेर येते. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने अशा बाटल्यांची आणि पावडरींची जाहिरात करण्यास मनाई आहे, तीही याच कारणाने. पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून देऊ नये. मधाचे बोट चाटवणे तर पूर्णपणे टाळावे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटी, वेखंड आणि काजळ यांच्याविषयी घरात मतभेद असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे सातव्या महिन्यातच एकदा सर्वांनी मिळून जावे, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत वाद होत नाहीत. टाल्कम पावडर आणि मोहरीची उशीही नको. बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट गादीवर, उशीशिवाय झोपवावे. पाळणा कोणाकडून मिळत असेल तर अवश्य आणावा, पण त्याच्या दांड्यांमध्ये बाळाचे डोके अडकेल एवढी फट नाही ना, हे पाहावे. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी मात्र पावसाळ्याच्या यादीत अगदी वर ठेवावी, कारण नवजात बाळाच्या खोलीत डासांची कॉइल किंवा अगरबत्ती लावता येत नाही. धुरीचेही तसेच, शेकाने बाळंतिणीला बरे वाटत असेल तर गरम पाण्याची पिशवी वापरावी, बंद खोलीत शेगडी ठेवू नये.

आईसाठी खरेदी करताना कुटुंबे हात आखडता घेतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. पुढून उघडणारे सुती गाऊन किमान पाच, स्तनपानासाठीच्या ब्रा तीन, मोठ्या आकाराचे पॅड दोन पाकिटे, न घसरणाऱ्या चपला आणि बसताना कंबरेला लावायची एक चांगली उशी, एवढे तरी हवेच. मेणकापड दोन घ्यावे, एक बाळाखाली आणि एक तिच्या गादीवर.

कागदपत्रांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, असे मी अनुभवाने सांगते. माझ्या मुलीच्या आधारकार्डावर माहेरचे नाव होते आणि जावयांच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये सासरचे. रुग्णालयाच्या काउंटरवर कॅशलेसची मंजुरी यामुळे अर्धा दिवस अडली आणि विवाह नोंदणीचा दाखला घरून आणल्यावरच काम पुढे गेले. म्हणून सहाव्या महिन्यातच एक फाइल करावी: दोघांची आधारकार्डे, विवाह नोंदणीचा दाखला, मेडिक्लेमचे कार्ड, सर्व सोनोग्राफी आणि रक्ताचे अहवाल, रक्तगटाचा अहवाल, माता व बाल संरक्षण कार्ड. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहावे. बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास आईला अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावे लागते. मेडिक्लेममध्ये प्रसूतीसाठी प्रतीक्षा काळ किती आहे, खोलीच्या भाड्याची मर्यादा काय आहे आणि बाळाचे नाव किती दिवसांत कळवावे लागते, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. अनेक पॉलिसींत भाड्याच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो, हे फार थोड्यांना आधी ठाऊक असते. नोकरी करणाऱ्या आईला २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. अर्ज वेळेवर द्यावा. पात्र कुटुंबांनी पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत अंगणवाडी सेविका किंवा आशा सेविकेमार्फत नाव नोंदवावे, तीत ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात.

जन्माच्या नोंदीबद्दल ठाण्यातील कुटुंबांनी विशेष सावध असावे. जन्म ज्या महापालिकेच्या हद्दीत होतो, तेथेच नोंद होते, घराच्या पत्त्यावर नाही. नौपाड्यातली गर्भवती मुलुंडच्या रुग्णालयात गेली तर दाखला मुंबई महापालिकेचा, ऐरोलीत गेली तर नवी मुंबईचा आणि माहेरी डोंबिवलीला गेली तर कल्याण-डोंबिवलीचा. नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालय माहिती पाठवते, पण अर्जावर आई-वडिलांच्या नावांचे मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग स्वतः तपासल्याशिवाय सही करू नये, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत याच दाखल्याचा आधार घ्यावा लागतो. बाळाचे नाव ठरले नसेल तर घाई नको. नावाशिवाय नोंद होते आणि १२ महिन्यांच्या आत नाव शुल्काशिवाय घालता येते.

रस्त्याचा विचारही यादीतच येतो. कासारवडवली किंवा त्यापलीकडे राहणाऱ्यांनी घोडबंदर रोडवरून रुग्णालयापर्यंत संध्याकाळी सहा वाजता आणि रात्री एक वाजता, अशा दोन वेळा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. संध्याकाळी ऑफिसची गर्दी आणि रात्री अवजड वाहने, दोन्हींचा हिशेब वेगळा असतो, आणि पावसात खड्ड्यांमुळे तो आणखी बदलतो. आम्ही मुलीला ओटीभरणानंतर नौपाड्यात आणले, त्यामागे माहेरपणाइतकेच हेही कारण होते. सोसायटीत गाडीमागे दुसरी गाडी लागत असेल, तर शेवटच्या महिन्यात शेजाऱ्याची चावी किंवा त्याचा फोन वॉचमनजवळ असावा. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा. पाणी गेले, अंगावरून रक्त जाऊ लागले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न पाहता लगेच निघावे. घरी परतताना बाळाला दुचाकीवर किंवा गाडीच्या पुढच्या सीटवर कुणाच्या मांडीवर आणू नये.

माणसांची नेमणूक आधी करावी. मालिश करणाऱ्या बाईंशी आठव्या महिन्यात बोलावे, कारण चांगल्या बायकांचे दिवस आधीच भरलेले असतात. त्यांची नखे कापलेली असावीत आणि नाळ गळून पडेपर्यंत बाळाला केवळ पुसून घ्यावे, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे. रात्री रुग्णालयात कोण थांबेल, घरी स्वयंपाक कोण करील, हे लिहून ठेवावे. जन्मतः द्यायच्या लसी, म्हणजे बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आतली हिपॅटायटिस बी, दिल्या गेल्या की नाही, हे घरी निघण्यापूर्वी कार्डावर पाहण्याचे काम वडिलांकडे द्यावे; पुढच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात.

छत्तिसावा आठवडा लागण्यापूर्वी दोन बॅगा भरलेल्या असाव्यात. आईच्या बॅगेत तीन गाऊन, पॅड, चपला, टॉवेल, कानाला बांधायचा रुमाल आणि घरी येतानाचे सैल कपडे. बाळाच्या बॅगेत चार झबली, टोपडे, मोजे, बारा लंगोट, चार दुपटी, डायपर, मेणकापड आणि कापूस, सारे पावसाच्या भीतीने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून. फाइल आईच्या बॅगेत सर्वांत वर ठेवावी. चष्मा, फोनचा चार्जर, रोजच्या गोळ्या आणि थोडी रोख रक्कम आयत्या वेळी घ्यायची असते, म्हणून या चार वस्तूंची नावे मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा.