फीडमध्ये पाणी किती?

चाकणच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो तेव्हा माझी सगळी मिजास एका आलेखावर होती. गाडीचा धूर साफ करणारा माझा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक): तांबं-मँगनीज ऑक्साइड, प्लॅटिनम-पॅलेडियम-ऱ्होडियमचा कणही नाही आणि १३० अंशांना निम्मा कार्बन मोनॉक्साइड साफ! समोरच्या मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "फीडमध्ये पाणी किती?"

शून्य. फीड म्हणजे कॅटॅलिस्टवर सोडायचा गॅस, आणि माझा होता सिलिंडरमधला कोरडा गॅस.

पेट्रोल जळलं की पाणी होतं, धुरात साधारण दहा टक्के वाफ असतेच, हे मला बारावीपासून ठाऊक होतं. तरी चार वर्षं मी गाडीच्या धुराशी संबंध नसलेला गॅस मोजत बसलो. हे तांबं-मँगनीजचं मिश्रण म्हणजे हॉपकलाइट. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून गॅस मास्कमध्ये वापरतात, आणि त्याच्याआधी ओलावा शोषणारा थर घालावा लागतो, कारण ओलाव्याने ते मरतं. नंतर गॅसमध्ये वाफ मिसळून ओली रन (चाचणी) घेतली तर माझा १३०चा आकडा अडीचशेच्या पुढे सरकला.

"आधी पेपर, पाणी नंतर बघू" म्हणणारा गाइड भेटला तर मान डोलवा आणि संध्याकाळी बबलर (गॅस पाण्यातून बुडबुडे करत नेऊन ओला करणारी बाटली) लावा. माझ्या मते लॅबमधले इन्स्ट्रुमेंटवाले काका गाइडपेक्षा जास्त शिकवतात. निदान माझ्या बाबतीत तरी तसंच झालं.

बबलर अवघड नाही, घाबरू नका. बबलर ४६ अंशांच्या वॉटर बाथमध्ये (गरम पाण्याच्या भांड्यात) ठेवून त्यातून नायट्रोजन सोडला की दहा टक्क्यांच्या आसपास वाफ मिळते. पण तिथून रिअ‍ॅक्टरपर्यंतची सगळी नळी हीटिंग टेपने ११०च्या वर ठेवा. सगळी म्हणजे सगळी. माझा एक एल्बो (नळीचा वाकडा जोड) टेपशिवाय उघडा राहिला होता. त्यात थेंब साठायचे, मग एकदम कॅटॅलिस्टच्या थरावर (बेडवर) जायचे, आणि आलेख करवतीसारखा दातेरी. मी दोष कॅटॅलिस्टला देत होतो. काकांनी एल्बोला बोट लावलं, "हा गार आहे की रे!"

अ‍ॅनालायझरच्या (गॅस मोजणाऱ्या यंत्राच्या) आधी पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावायचा, हे सांगायला नको. एजिंगचंही (कॅटॅलिस्ट मुद्दाम जुना करण्याचंही) तसंच: ताज्या पावडरचे आकडे कुणाला दाखवू नका, वाफेत भाजून मग मोजा.

ती नोकरी गेलीच. ओल्या रनला एकूण अकरा दिवस लागले, त्यातले सात त्या एल्बोत.