गाय वेळेत गाभण राहावी म्हणून व्याण्याआधीपासूनची तयारी

तयारीच्या यादीची सुरुवात गाय आटवण्यापासून, म्हणजे तिचं दूध बंद करण्यापासून करा, माज दिसण्यापासून नव्हे. व्याल्यावर दोन-अडीच महिन्यांनी जे स्त्रीबीज सुटतं, त्याची पुटिका, म्हणजे ते ज्यात वाढतं तो द्रवाने भरलेला फोड, बीजाशयात कित्येक आठवडे आधीपासून वाढत असते. म्हणजे रेतनाच्या दिवशी जे हाती लागतं, ते बरंचसं गाय व्याली त्या दिवसांत घडलेलं असतं.

आटवताना, व्याण्याच्या साधारण ६० दिवस आधी, शेपटीचं मूळ, कंबर आणि बरगड्या हाताने चाचपून अंगावरचं मांस बघा. १ ते ५ च्या मापात गाय ३ ते ३.५ असावी. बारीक असेल तर दूध चालू असतानाच भरून काढलेलं बरं, कारण भाकड काळात लठ्ठ झालेली गाय व्याल्यावर कमी खाते आणि अंगावरची चरबी झपाट्याने वितळवते.

शेवटच्या ३ आठवड्यांत खुराक थोडा-थोडा वाढवा, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना पुढच्या आहाराची सवय होते. या काळात कॅल्शियमचा मारा मात्र करू नका. हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा त्याने सुस्तावते आणि ऐन व्याताना रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. मग गर्भाशयाचे स्नायू ढिले पडतात, वार अडकते, गर्भाशयाच्या पिशवीला सूज येते. डॉक्टरांना विचारून या काळासाठीचे वेगळे क्षार द्या. सेलेनियम, ई जीवनसत्त्व, तांबं, जस्त हे सगळं असलेलं खनिज मिश्रण आधीच आणून ठेवा.

आता खरी कसोटी, व्याल्यानंतरचे पहिले आठवडे. दूध ४ ते ८ आठवड्यांत शिखर गाठतं. खाणं त्या मानाने कितीतरी उशिरा वाढतं. मधली तूट गाय चरबी जाळून भागवते. रक्तातली साखर आणि इन्सुलिन उतरतं, तसं यकृत वाढ-हार्मोनला दाद देईनासं होतं आणि आयजीएफ-१ हे वाढीला मदत करणारं हार्मोन कमी तयार होतं. वाढ-हार्मोन मात्र चढंच राहतं आणि चरबी आणखी वितळते. मेंदूकडून येणारे एलएचचे (पुटिका वाढवून फोडणाऱ्या हार्मोनचे) ठोके विरळ होतात. व्याल्यावर आठवड्याभरात बीजाशयात नवी पुटिका वाढू लागलेली असते. एलएच आणि आयजीएफ-१ अपुरं असलं की ती माज आणणारं इस्ट्रोजेन पुरेसं तयार करत नाही आणि न फुटताच विरते. आपण म्हणतो, गाय माजावर येत नाही. अशा गाईला नुसतं हार्मोनचं इंजेक्शन टोचून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. आधी तिचं खाणं सावरा.

त्यासाठी सगळ्यात चांगली वैरण आणि मुरघास याच दिवसांसाठी राखून ठेवा. गव्हाण रिकामी राहू देऊ नका, पाणी सतत समोर असू द्या, दांडग्या गाई तिला हुसकावत असतील तर तिची जागा वेगळी करा. दूध वाढावं म्हणून खुराक एकदम ओतला तर पोटात आम्लता होते आणि आहे तेही खाणं सुटतं. प्रथिनंही बेताने द्या. जास्तीची प्रथिनं रक्तात युरिया वाढवतात आणि गर्भाशयातलं वातावरण भ्रूणाला मानवत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातलं कीटोन (चरबी वितळताना तयार होणारा पदार्थ) तपासून घ्या. त्यातलं मुख्य कीटोन बीएचबी १.२ मिलिमोल प्रति लिटर किंवा जास्त आलं, तर बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या गाईलाही उपचार लागू शकतात. १ ते ५ च्या मापात अर्ध्या गुणापेक्षा जास्त मांस उतरलं, तर कारण शोधा. पहिले दहा दिवस ताप मोजा, स्रावाचा वास बघा. घाण वास येत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.

वहीत व्याल्याची तारीख आणि दिसलेला प्रत्येक माज लिहा. पहिला माज बहुधा मुका, म्हणजे लक्षणं न दाखवणारा असतो, कारण माजाची लक्षणं उठून दिसायला मेंदूला आधी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा स्पर्श लागतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईंकडे जास्त बारीक लक्ष द्या. त्या खूप खातात, यकृतातून रक्त वेगाने फिरतं आणि इस्ट्रोजेन लवकर निचरतं, म्हणून त्यांचा माज थोडाच वेळ टिकतो. दिवसातून एकदा फेरी मारून तो सापडणार नाही.

रेतन व्याल्यावर ४५ ते ६० दिवसांच्या आधी नको, पिशवी पूर्ववत व्हायला तेवढा अवधी द्या. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी भरवा. त्यानंतर चारा अचानक बदलू नका, गाय उन्हात तापू देऊ नका. साधारण सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणाने आपल्या असण्याची खूण पोहोचवली नाही, तर गर्भाशयातलं प्रोस्टाग्लँडिन पीतपिंड (प्रोजेस्टेरॉन तयार करणारी बीजाशयातली गाठ) विरघळवतं आणि गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. तेव्हा १८ ते २४ दिवसांच्या दरम्यान पुन्हा नीट बघा, आणि माज दिसला नाही तरी महिनाभराने सोनोग्राफीने गाभण तपासणी करून घ्या.